हिशेबाची पदरमोड: कॅप्टिव्ह विम्यातलं करिअर

आजचा भाग जरा वेगळा आहे. गेल्या काही दिवसांत दोन-तीन जणांनी एकच स्क्रीनशॉट पाठवला. जॉब साइटवरची जाहिरात, त्यात लिहिलंय ‘इन्शुरन्स कॅप्टिव्ह’, आणि खाली प्रश्न: ताई, हे काय असतं? घेऊ का? मी मांजर्लीत राहते, विम्याच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे प्रश्न माझ्या दारात येणारच होता. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावत नव्हतं, म्हणून हा भाग. ट्रेनमध्ये ऐकत असाल तर बदलापूर ते ठाणे एवढ्यात संपेल.

सुरुवात आपल्याकडच्या पाण्यापासून करते. २६ जुलै २००५ बदलापूर पश्चिमेच्या लोकांना तारखेनिशी पाठ आहे. मग आला २७ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. टीव्हीवर ती गाडी दिसत होती. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या गाड्या टीव्हीवर दिसल्या नाहीत, पण त्याही पाण्यातच होत्या.

त्यातली एक माझ्या दादाची, सेकंडहँड घेतलेली. पाणी ओसरल्यावर त्याने काय करावं? चावी फिरवली. एकदा नाही, चारदा. इंजिनात पाणी होतं, आतले भाग गेले. क्लेम केला तेव्हा कळलं की साध्या मोटार पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी असताना गाडी चालू करून इंजिन घालवलं तर ते सहसा मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आम्ही घेतलं नव्हतं. पैसे खिशातून गेले.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली, आणि आजचा सगळा भाग तिच्यावर उभा आहे. प्रत्येक जोखमीचा थोडा भाग आपण स्वतःच्या खिशात ठेवलेलाच असतो. प्रश्न एवढाच, की तो आपण मोजून ठेवलाय की न कळत. न कळत ठेवला तर ती नुसती पदरमोड. मोजून, नियम लावून, त्यासाठी आधीच पैसे बाजूला काढून ठेवला, तर त्याचा एक उद्योग होतो. त्या उद्योगाचं नाव कॅप्टिव्ह विमा.

आता नीट समजून घेऊ.

तुमच्या सोसायटीत सिंकिंग फंड असतो ना? दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये थोडी रक्कम त्यासाठी जाते. का? उद्या मोठं काम निघालं तर एकदम सगळ्यांच्या दारात जायला नको. म्हणजे सभासद स्वतःच्याच भविष्यातल्या खर्चासाठी स्वतःच पैसे जमवतात. हा विमा नाही बरं का, पण विचार तोच.

आता सोसायटीच्या जागी दहा कारखान्यांची कंपनी धरा. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. कंपनी दरवर्षी बाहेरच्या विमा कंपनीला १२ कोटी प्रीमियम देते. पाच वर्षांचे क्लेम काढून बघितले तर बहुतेक वर्षी छोटे-छोटे मिळून २-३ कोटी. मग मालक विचार करतो, छोट्या नुकसानासाठी एवढे पैसे बाहेर कशाला? तो स्वतःची एक विमा कंपनी काढतो. तिचा ग्राहक एकच, तो स्वतः. ती कंपनी प्रत्येक क्लेममधले पहिले ५० लाख स्वतः उचलते आणि वर्षभरात जास्तीत जास्त ४ कोटी. त्याच्या वरचं सगळं ती पुनर्विमा कंपनीकडे, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीकडे पाठवते. एखाद्या वर्षी ४० कोटींची आग लागली तर कॅप्टिव्हचे ५० लाख जातात, बाकीचं पुनर्विमावाला देतो. चांगलं वर्ष गेलं तर उरलेला पैसा घरातच राहतो, पुढच्या वाईट वर्षासाठी.

भिशी आणि यात फरक काय? कॅप्टिव्ह ही खरीखुरी, परवाना असलेली विमा कंपनी असते. तिला भांडवल लागतं, पॉलिसी लिहावी लागते, ऑडिट होतं, अ‍ॅक्च्युअरीचं मत घ्यावं लागतं, सरकारी नियामकाला हिशेब द्यावा लागतो. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी पगार घेऊन करतो, हे लक्षात ठेवा. आपल्याला नोकरीकडे यायचंय.

नाव कुठून आलं? ‘कॅप्टिव्ह पॉवर प्लांट’ ऐकलं असेल, कारखान्याने फक्त स्वतःसाठी उभारलेलं वीज केंद्र. तसंच हे. अमेरिकेत ओहायो राज्यात यंग्सटाउन नावाचं पोलादाचं गाव आहे. तिथल्या पोलाद कंपनीच्या खाणी फक्त तिच्याच भट्ट्यांसाठी माल काढायच्या, त्यांना कॅप्टिव्ह खाणी म्हणायचे. फ्रेडरिक राइस नावाच्या विमावाल्याने तो शब्द उचलून विम्याला लावला आणि १९६२ मध्ये बर्म्युडात अशा कंपन्यांचा कारभार बघण्याचा धंदा सुरू केला. पुढे केमन बेटं, गर्न्सी, सिंगापूर, आणि अमेरिकेत व्हरमाँट ही त्याची मोठी ठिकाणं झाली.

व्हरमाँटचं उदाहरण मला आवडतं. सगळ्या राज्याची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख. आपलं उल्हासनगर आणि बदलापूर मिळून २०११ च्या जनगणनेतच त्याहून जास्त भरतं. त्या राज्याने १९८१ मध्ये कॅप्टिव्हसाठी वेगळा कायदा केला आणि आजवर १,३०० हून जास्त कॅप्टिव्हना परवाने दिले. हिशेबनीस, वकील, ऑडिटर, अ‍ॅक्च्युअरी, एवढ्या लोकांना त्या छोट्या राज्यात काम मिळालं.

‘हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याकडे काय?’ असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे मला.

आपल्याकडे विचार जुना आहे, नाव वेगळं. एसटीचं बघा. रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ मध्ये सोय आहे, की सरकारी परिवहन उपक्रमाने नुकसानभरपाईसाठी स्वतःचा निधी उभारला तर त्याला विमा घेण्यातून सूट मिळू शकते. एसटी त्या वाटेने चालते. अपघाताचा खटला लागला की भरपाई महामंडळ स्वतः देतं. शिवाय २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीला जातो. तो रुपया आपण सगळ्यांनी दिलाय, कशासाठी ते कधी विचारलं नाही.

दुसरं उदाहरण राज्य सरकारचं. वित्त विभागाच्या अखत्यारीत विमा संचालनालय आहे, मुंबईत वांद्र्याला. ते शासकीय विमा निधी चालवतं आणि सरकारचा पैसा ज्यात गुंतलाय अशा मालमत्तांचा विमा उतरवतं. कागदावर त्याला कॅप्टिव्ह म्हणत नाहीत, पण स्वतःची जोखीम स्वतःच्या निधीत ठेवायची, हा गाभा तोच.

खासगी कंपनीला मात्र हे भारतात सोपं नाही. विमा कायदा १९३८ प्रमाणे सर्वसाधारण विमा कंपनी काढायची तर किमान १०० कोटी भांडवल. फक्त स्वतःचा विमा उतरवायला एवढं कोण घालेल? आणि भारतातल्या मालमत्तेचा विमा परवानगीशिवाय परदेशी कंपनीकडे थेट उतरवता येत नाही. म्हणून एखाद्या गटाची कॅप्टिव्ह बाहेर असली, तरी पॉलिसी इथल्या विमा कंपनीने द्यायची आणि कॅप्टिव्हने मागून पुनर्विमा म्हणून हिस्सा घ्यायचा, अशी रचना करावी लागते. याला धंद्यात ‘फ्रंटिंग’ म्हणतात, आणि त्यावरही नियामकाची बारीक नजर असते. गुजरातच्या गिफ्ट सिटीत वेगळे नियम आहेत, आणि कॅप्टिव्हचा विषय देशात धोरणाच्या पातळीवर चर्चेत आहे. म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर इर्डाई आणि आयएफएससीए या दोन नियामकांच्या साइट महिन्यातून एकदा उघडायची सवय लावा. रील बघून नियम शिकू नका.

आता तुमच्या स्क्रीनशॉटकडे येऊ.

इथे मोठा घोळ आहे. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘कॅप्टिव्ह’ म्हणजे बहुतेक वेळा कॅप्टिव्ह विमा नसतो. परदेशी कंपनीने स्वतःच्या कामासाठी भारतात उघडलेलं ऑफिस असतं, ज्याला हल्ली जीसीसी म्हणतात. तिथे विमा कंपनीचं काम असेल, पण ते साधं मोटार क्लेमचं किंवा पॉलिसी तपासण्याचं असू शकतं. ते वाईट नाही. पण शब्द सारखा म्हणून दोन्ही एक समजू नका. मुलाखतीत सरळ विचारा: ‘सर, इथे कॅप्टिव्ह म्हणजे तुमचं इन-हाउस सेंटर, की कॅप्टिव्ह इन्शुरन्सचे क्लायंट?’ हा प्रश्न विचारणारा उमेदवार समोरच्याच्या लक्षात राहतो.

मग खरं काम कुठे? एक गंमत सांगते. बऱ्याच कॅप्टिव्ह कंपन्यांना स्वतःचा एकही कर्मचारी नसतो. संचालक मंडळ असतं, आणि रोजचा कारभार ‘कॅप्टिव्ह मॅनेजर’ नावाची बाहेरची कंपनी बघते. मार्श, एऑन, डब्ल्यूटीडब्ल्यू या मोठ्या ब्रोकर कंपन्या हे काम करतात, आणि तिघांचीही मुंबईत ऑफिसं आहेत. गॅलाघर नावाचा अमेरिकन ब्रोकर आहे, त्याची आर्टेक्स ही कॅप्टिव्ह सांभाळणारी शाखा. त्याच गॅलाघरची सेवा केंद्रं पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. ती अडकलेली महालक्ष्मी जिथे निघाली होती ना, तेच कोल्हापूर. आर्टेक्सचं काम कोल्हापुरात चालतं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की अशा गटात एकदा आत शिरलात की आतल्या आत सरकण्याचा दरवाजा तरी दिसतो.

खरं सांगायचं तर ‘कॅप्टिव्ह मॅनेजर पाहिजे’ अशी जाहिरात आपल्याकडे क्वचितच दिसेल. परवाना देणाऱ्या ठिकाणांना कारभाराचा काही भाग तिथेच हवा असतो. व्हरमाँट तर वर्षातून निदान एक बोर्ड मीटिंग राज्यातच घ्यायला लावतं. म्हणून इथून जायचं ते बाजूच्या दारांनी. मला चार दारं दिसतात.

पहिलं दार हिशेबाचं. बी.कॉम. असाल, सीए अर्धवट सुटलं असेल, तरी विमा कंपनीचे हिशेब कसे असतात ते शिका. प्रीमियम आज येतो, क्लेम तीन वर्षांनी येतो, मध्ये पैसा राखून ठेवायचा असतो. त्याला रिझर्व्ह म्हणतात, आणि तो किती ठेवायचा हे ज्याला कळतं त्याला मागणी आहे.

दुसरं दार क्लेमचं. क्लेम हाताळलेल्या माणसाला पॉलिसीचा प्रत्येक शब्द महागात कसा पडतो ते कळतं. दादाच्या इंजिनासारखं.

तिसरं दार गणिताचं. आकडेमोड आवडत असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया, तिची प्रवेश परीक्षा एसीईटी. हा रस्ता लांब आहे, वर्षं जातात, नापास व्हायची तयारी ठेवा.

चौथं दार पुनर्विमा आणि ब्रोकिंगचं. जीआयसी री मुंबईतच आहे, चर्चगेटला. पुनर्विम्याचं काम ज्याला कळलं त्याला कॅप्टिव्ह समजायला एक आठवडा लागतो.

शिक्षणाचं म्हणाल तर इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९५५ पासून आहे, बीकेसीत. त्यांच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा पायऱ्या नोकरी करता करता चढता येतात. पूर्णवेळ शिकायचं तर पुण्यात बालेवाडीला नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी. आणि खास कॅप्टिव्हसाठी व्हरमाँटमधल्या आयसीसीआयई या संस्थेची एसीआय ही पदवी, ऑनलाइन होते. पण ती आधी घेऊ नका. फी डॉलरमध्ये असते. दोन-तीन वर्षं काम करा, कंपनी खर्च उचलते का विचारा, मग घ्या. आणि ‘तीन महिन्यांत परदेशी कॅप्टिव्हमध्ये हमखास नोकरी’ म्हणून आगाऊ पैसे मागणारा कुणी भेटला तर फोन ठेवून द्या. कर्ज काढून तर अजिबात नाही.

आता मला जे महत्त्वाचं वाटतं ते. हे काम करावं का?

दोन गोष्टी सांगते, तुम्ही ठरवा.

पहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांवर खटले वाढले आणि त्यांचा विमा परवडेना. हार्वर्डशी जोडलेल्या हॉस्पिटलांनी १९७६ मध्ये केमन बेटांवर स्वतःची कॅप्टिव्ह काढली. आता प्रत्येक चुकीचा पैसा त्यांच्याच खिशातून जाणार होता, म्हणून त्यांनी चुका मोजायला घेतल्या. दिसलं असं, की भूल देणारे डॉक्टर विमा घेतलेल्यांत साधारण ३ टक्के, पण भरपाईचे १२ टक्के पैसे त्यांच्या केसेसवर जात होते. मग तिथल्या भूलतज्ज्ञांनी बसून नियम केले: ऑपरेशनभर भूलतज्ज्ञाने खोलीत हजर राहायचं, श्वास आणि रक्ताभिसरणावर सतत लक्ष ठेवायचं. १९८६ मध्ये ते नियम छापून आले आणि पुढे इतर ठिकाणीही तशीच पद्धत आली. क्लेमच्या यादीतून सुरू झालेली गोष्ट ऑपरेशन टेबलवरच्या माणसाच्या जिवापर्यंत पोचली.

दुसरी गोष्ट उलटी. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका जोडप्याची तीन दागिन्यांची दुकानं. २००६ मध्ये त्यांचा विम्याचा खर्च दीड लाख डॉलरच्या आसपास. छोटी कॅप्टिव्ह काढल्यावर २००९ मध्ये तो अकरा लाख डॉलरच्या वर गेला. दुकानं तीच, धोका तोच. दहशतवादी हल्ल्याचाही विमा काढला होता. आयकर खात्याची तपासणी सुरू होईपर्यंत एकही क्लेम नाही. २०१७ मध्ये टॅक्स कोर्टाने सांगितलं, हा विमाच नाही. प्रीमियमच्या नावाखाली दाखवलेली करकपात गेली.

दोन्हीकडे कंपनी होती, पॉलिसी होती, हिशेब लिहिणारे होते. फरक एवढाच, की एकीकडे नुकसान कमी करायचं होतं आणि दुसरीकडे कर. आणि त्या हिशेब लिहिणाऱ्यांत उद्या तुम्ही असाल. समोर फाइल येईल. प्रीमियम वाढलाय, जोखीम वाढलेली नाही, साहेब म्हणतील ‘टाकून दे एन्ट्री’. त्या वेळी ‘सर, हा आकडा कुठून आला?’ एवढं विचारता आलं पाहिजे. माझ्या मते या करिअरमधलं खरं कौशल्य ते आहे. एक्सेल कुणीही शिकतं.

आपल्या भागासाठीही हे दूरचं नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन मोठे स्फोट झाले. तिथले, अंबरनाथचे, बदलापूरचे रासायनिक कारखाने आपल्याच शेजारी आहेत, आपलेच लोक तिथे शिफ्ट करतात. नुकसानाचा पहिला रुपया ज्याच्या खिशातून जातो, तो व्हॉल्व्ह तपासायला जास्त काळजीने माणूस पाठवतो. सगळं बाहेरच्या विम्यावर ढकललं की काळजी थोडी सैल होतेच.

शेवटी एक गृहपाठ. फुकट आहे. एक वही घ्या किंवा मोबाइलमध्ये शीट उघडा. गेल्या पाच-सहा वर्षांत तुमच्या घराचं, दुकानाचं किंवा सोसायटीचं जे नुकसान झालं ते लिहा. रकाने सहा: तारीख, काय झालं, का झालं, किती खर्च, कोणी भरला, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. पाण्याने गेलेली मोटर, शॉर्ट सर्किट, चोरीला गेलेली सायकल, सगळं. धंद्यात याला ‘लॉस रन’ म्हणतात. कॅप्टिव्हचा प्रत्येक निर्णय अशाच यादीपासून सुरू होतो. शक्य असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडून जुनी बिलं मागा. ते आधी कुरकुर करतील, मग स्वतःच बसून सांगतील.

आमच्या बिल्डिंगची अशी यादी मी केली. पाचवा रकाना बघितला तर जवळपास सगळीकडे एकच उत्तर: ‘आपणच’. सहावा रकाना बराचसा रिकामा. पुढच्या सोसायटी मीटिंगला मी ती यादी घेऊन गेले. पाण्याचा पंप आता वरच्या चौथऱ्यावर बसवलाय, आणि पार्किंगमध्ये बोर्ड आहे: पाणी शिरलं तर गाडी चालू करू नका, टो करा. दादानेच लावलाय तो.

मुलाखतीला जाताना ती शीट बरोबर न्या. सर्टिफिकेट नसेल तरी ‘मी हे स्वतः मोजलंय’ असं म्हणता येईल. आणि तुमच्या यादीत काय सापडलं ते मला कळवा, पुढच्या एखाद्या भागात नावं न घेता त्यावर बोलू.

आजच्यापुरतं एवढंच. पावसाळ्याचे दिवस आहेत, पॉलिसीचे कागद वरच्या कपाटात ठेवा. भेटू पुढच्या भागात.